स्पार्टाकसचे नाव घेतलेल्या मुली

(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला आपणांपुढे एका खेळाच्या संघाची हकीकत सांगावयाची आहे. हा विषय ऐकून आपणांपैकी कित्येकांस नवल वाटेल. हक्कांचा विचार करणाऱ्या मंडळींत खेळाचे काय काम, असेही कोणी विचारील. त्यास माझे उत्तर थोडक्यात असे आहे. आपल्या घरातील मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिला मैदानावरून परत बोलावून घेतले जाते. शाळा एक वेळ चालू राहते, परंतु धावणे, उडी मारणे, चेंडू फेकणे बंद होते. हे बंद करा असे सांगणारा कायदा देशात कोठेही लिहिलेला नाही. तो आपल्याच उंबरठ्यावर लिहिलेला आहे, आणि तो पुसून टाकण्याचा अधिकारही आपलाच आहे. म्हणून ज्या मुलींना त्या वयात कोणी परत बोलावले नाही, त्यांच्या हातून पुढे काय घडले हे आपण पाहावे, अशी माझी इच्छा आहे. त्यांच्या यशापासून जसे शिकावयाचे आहे, तसेच त्यांच्या संघाच्या उतरत्या काळापासूनही शिकावयाचे आहे.

या मुली युक्रेन देशातील कीव्ह शहराच्या. त्यांचा खेळ हँडबॉल, आणि त्यांच्या संघाचे नाव स्पार्टाक.

खेळ स्त्रियांसाठी, मान पुरुषांना

प्रथम खेळाची ओळख करून घेऊ. कबड्डीप्रमाणे हँडबॉलमध्येही एका बाजूस सात खेळाडू असतात. त्यांतील एक गोलरक्षक. मैदान चाळीस मीटर लांब व वीस मीटर रुंद असते. गोल तीन मीटर रुंद व दोन मीटर उंच असतो. त्याच्यासमोर सहा मीटर अंतरावर एक रेषा आखलेली असते, आणि तिच्या आत गोलरक्षकावाचून दुसऱ्या कोणास पाय ठेवता येत नाही. चेंडू हातात धरून तीनपेक्षा अधिक पावले टाकता येत नाहीत, व तीन सेकंदांपेक्षा अधिक काळ तो हातात ठेवताही येत नाही. म्हणून तो वेळेवर सोबतिणीकडे द्यावा लागतो. एकटीच्या बळावर हा खेळ जिंकता येत नाही. मोठी इमारत वा महागडी साधने नसली तरी तो शिकता येतो. सपाट जागा, एक चेंडू आणि आखलेल्या रेषा एवढ्यावर आरंभ होऊ शकतो.

या खेळाच्या जन्माची कथा लक्षात ठेवण्यासारखी आहे. डेन्मार्कमधील होल्गर निल्सन या शिक्षकाने १९०६ मध्ये अशा एका खेळाचे नियम छापले. पुढे २९ ऑक्टोबर १९१७ रोजी बर्लिन येथे माक्स हायझर याने आणखी एका हातचेंडूचे नियम ठरवून त्यास 'हँडबॉल' हे नाव दिले. हायझरने हा खेळ मुद्दाम स्त्रियांसाठी योजला होता. फुटबॉल स्त्रियांना झेपणार नाही, असा त्या काळचा समज होता. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, कार्ल शेलेन्झ याने नियमांत फेरफार करून तो पुरुषांसाठी अधिक झुंजीचा केला, आणि तेथून मान पुरुषांकडे गेला. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचा हँडबॉल खेळला गेला. त्या वेळी तो मोकळ्या मैदानावर अकरा-अकरा जणांत खेळत असत. १९३८ मध्ये पुरुषांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. सात जणींच्या, छताखालील हँडबॉलची स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा होण्यास १९५७ साल उजाडले. ऑलिम्पिकचे दार तर स्त्रियांस १९७६ मध्ये उघडले. जो खेळ स्त्रियांसाठी म्हणून निर्माण झाला, त्याच खेळात स्त्रियांना पुरुषांच्या मागून चाळीस वर्षांनी प्रवेश मिळाला!

एखादी वस्तू आपल्या नावाने निर्माण झाली म्हणून ती आपल्या हाती राहतेच असे नाही. ती हाती ठेवण्यासाठी संघटना लागते. कीव्हच्या मुलींनी अशी संघटना कशी उभी केली ते आता पाहू.

नाव कोणाचे घेतले?

स्पार्टाक हे नाव स्पार्टाकस या पुरुषाचे. तो रोमच्या प्रजासत्ताकातील एक गुलाम होता. लोकांच्या करमणुकीसाठी आखाड्यात एकमेकांस ठार मारण्याचे काम ज्यांच्याकडून सक्तीने करून घेत, अशा गुलामांपैकी तो एक. ख्रिस्तपूर्व ७३ मध्ये सुमारे सत्तर सोबत्यांसह तो कापुआ गावच्या आखाड्यातून निसटला. पाहता पाहता हजारो गुलाम त्यास येऊन मिळाले. दोन वर्षे त्याने रोमच्या सैन्यास दाद दिली नाही. ख्रिस्तपूर्व ७१ मध्ये तो लढाईत पडला, आणि त्याच्या सहा हजार सोबत्यांना पकडून कापुआ ते रोम या रस्त्याच्या कडेने क्रुसावर चढविण्यात आले. मालकांची नावे आज कितीजणांस ठाऊक आहेत? गुलामाचे नाव मात्र दोन हजार वर्षांनंतरही लोक अभिमानाने घेतात.

सोव्हिएत संघात १९३५ मध्ये सहकारी उत्पादक संस्थांतील कामगारांसाठी एक क्रीडासंस्था स्थापन झाली, तिने हेच नाव धारण केले. तिच्या शाखा देशभर पसरल्या. कीव्हच्या मुलींचा संघ या संस्थेच्या छत्राखाली उभा राहिला, आणि म्हणून गुलामाचे ते नाव त्यांच्या पाठीवर आले. दास्य म्हणजे काय हे आपणांस कोणी शिकवावयास नको, म्हणूनच या नावापाशी मी क्षणभर थांबलो.

शाळकरी मुलींपासून आरंभ

युक्रेन त्या वेळी सोव्हिएत संघातील एक प्रजासत्ताक होते. १९६२ मध्ये कीव्ह येथे हा संघ स्थापन झाला. तो उभा करणारे मार्गदर्शक इगोर तुर्चिन यांचा जन्म १९३६ चा, म्हणजे त्या वेळी ते पंचविशीच्या आसपासचे तरुण शिक्षक होते. त्यांनी नावाजलेल्या खेळाडू जमविल्या नाहीत. त्यांच्यापाशी ज्या शाळकरी मुली खेळ शिकत होत्या, त्यांनाच घेऊन त्यांनी संघ बांधला. मुली वाढल्या तसा संघही वाढला.

या ठिकाणी काळाचा हिशेब नीट लक्षात घ्या. संघ १९६२ मध्ये स्थापन झाला, आणि त्याने देशाचे विजेतेपद प्रथम मिळविले ते १९६९ मध्ये. मधली सात वर्षे तयारीची होती. त्या सात वर्षांत कोणी म्हटले असते की, 'मुली मोठ्या झाल्या, आता पुरे,' तर पुढील इतिहास घडलाच नसता. आपण एखादे मंडळ काढतो, वर्षभरात फळ दिसले नाही की निराश होतो, आणि दुसऱ्या वर्षी मंडळाची पाटीही दिसत नाही. सात वर्षे धीर धरणे हीसुद्धा एक कमाई आहे.

१९६९ पासून १९८८ पर्यंत सलग वीस वर्षे सोव्हिएत संघाचे विजेतेपद स्पार्टाक कीव्हने सोडले नाही. पंधरा प्रजासत्ताकांच्या त्या अफाट देशात वीस वर्षे एकाच शहराचा स्त्रीसंघ अजिंक्य राहिला. संघात आलेल्या मुली स्त्रिया झाल्या, कित्येकींची जागा नव्या मुलींनी घेतली, परंतु शिस्त आणि सराव यांत खंड पडला नाही.

पराभवाचे सहा प्रसंग

युरोपातील सर्व देशांचे विजेते संघ ज्या चषकासाठी झगडत, तो चषक स्पार्टाकने १९७० पासून १९८८ पर्यंत तेरा वेळा जिंकला. १९७०, १९७१, १९७२ आणि १९७३ असा तो लागोपाठ चार वर्षे कीव्हला आला. सभांतून आणि वर्तमानपत्रांतून विजयांचीच यादी सांगण्याची रीत आहे. मी आपणांस पराभवांची यादी सांगतो.

१९७४ मध्ये चषक पूर्व जर्मनीतील लाइपझिगच्या संघाने नेला. १९७६ मध्ये तो बेलग्रेडच्या रादनिच्की संघाकडे गेला, १९७८ मध्ये पूर्व बर्लिनच्या संघाकडे, १९८० मध्ये पुन्हा रादनिच्कीकडे, १९८२ मध्ये बुडापेस्टच्या वाशाश संघाकडे, आणि १९८४ मध्ये तिसऱ्यांदा रादनिच्कीकडे. असे हे सहा प्रसंग. आता त्यांच्या पुढची वर्षे पाहा. १९७५ मध्ये चषक कीव्हला परत आला. १९७७ मध्ये परत आला. १९७९, १९८१, १९८३, १९८५, प्रत्येक वेळी तो परत आला. एकोणीस वर्षांत एकदाही असे झाले नाही की या मुली लागोपाठ दोन वर्षे चषकावाचून राहिल्या.

कधीही न हरणारा संघ जगात झालेला नाही. हरल्यानंतर दुसऱ्या दिवशी सरावास कोण येते, यावर संघाची परीक्षा होते. आपल्या मुली परीक्षेत एकदा नापास झाल्या की त्यांचे शिक्षण थांबविण्याची जी घाई आपण करतो, तिचा विचार या सहा तारखा समोर ठेवून करावा.

ऑलिम्पिकचे दार

१९७६ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे स्त्रियांच्या हँडबॉलला ऑलिम्पिकमध्ये प्रथमच स्थान मिळाले. केवळ सहा देशांच्या संघांस प्रवेश होता. सोव्हिएत संघाच्या स्त्रिया एकही सामना न हरता सुवर्णपदक घेऊन परतल्या. त्या राष्ट्रीय संघाचे मार्गदर्शक तुर्चिनच होते, आणि त्यातील बहुसंख्य खेळाडू स्पार्टाकच्या होत्या. दार उघडले त्या क्षणी आत पाऊल टाकण्यास त्या तयार होत्या. हक्क मिळाल्यावर तयारीस लागणारा मनुष्य मागे पडतो. त्यांची तयारी चौदा वर्षे आधीच सुरू झाली होती.

१९८० मध्ये मॉस्को येथे त्यांनी पुन्हा सुवर्ण मिळविले. त्याच ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांची हॉकी पहिल्यांदा खेळली गेली, आणि आपल्या भारताच्या मुली तेथे खेळून चौथ्या आल्या. पुरुषांची हॉकी १९०८ पासून ऑलिम्पिकमध्ये होती, हेही आपण ध्यानात ठेवावे. म्हणजे उशीर केवळ एकाच खेळात झालेला नाही.

१९८२ मध्ये सोव्हिएत स्त्रिया जगज्जेत्या झाल्या. पुढले ऑलिम्पिक १९८४ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे होते. परंतु सोव्हिएत सरकारने त्या स्पर्धेवर बहिष्कार टाकला. जगज्जेत्या स्त्रिया घरी राहिल्या. निर्णय राज्यकर्त्यांचा होता, आणि वर्षानुवर्षे घाम गाळणाऱ्या खेळाडूंच्या मतावर तो अवलंबून नव्हता. गुलामाचे नाव ज्यांनी अंगावर वागविले, त्यांच्या स्वतःच्या इच्छेस या प्रसंगी किती किंमत होती, हा प्रश्न आपण विचारल्यावाचून राहू नये. हातात पदक असणे निराळे, आणि निर्णय हातात असणे निराळे.

एका खेळाडूचे आयुष्य

या संघातील एका स्त्रीविषयी स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. झिनायदा तुर्चिना यांचा जन्म १९४६ मध्ये कीव्ह येथे झाला. शाळकरी वयात त्या या खेळात आल्या. १९६५ मध्ये मार्गदर्शक इगोर तुर्चिन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. आपल्याकडे मुलीचा विवाह झाला की तिच्या खेळाची गोष्ट तेथे संपते. यांचा सारा पराक्रम विवाहानंतरचा आहे. त्या दोन अपत्यांच्या माता झाल्या आणि पुन्हा मैदानावर उतरल्या. १९७६ मध्ये सुवर्ण, १९८० मध्ये सुवर्ण, आणि १९८८ मध्ये सोल येथील ऑलिम्पिकमध्ये कांस्य अशी तीन पदके त्यांच्या नावावर आहेत. सोल येथे खेळताना त्यांचे वय बेचाळीस वर्षांचे होते. पुढे शतकाच्या अखेरीस जागतिक हँडबॉल महासंघाने विसाव्या शतकातील सर्वश्रेष्ठ स्त्री खेळाडू म्हणून त्यांचा गौरव केला.

येथे बसलेल्या मातांना मी विचारतो, बेचाळिसाव्या वर्षी आपण स्वतःकडे कोणत्या दृष्टीने पाहता? 'आता आमचे काय राहिले आहे?' हे वाक्य आपल्या घराघरांतून ऐकू येते. बेचाळीस वर्षांची, दोन मुलांची आई जगातील निवडक खेळाडूंमध्ये उभी राहून चेंडू फेकीत होती. प्रत्येकीने ऑलिम्पिकला जावे असे मी म्हणत नाही. परंतु विवाह आणि मातृत्व ही स्त्रीच्या कर्तृत्वाची समाप्ती होय, हा समज खोटा आहे, एवढे तरी या उदाहरणावरून सिद्ध होते.

उतरता काळ

आता कडू भाग. १९८८ नंतर हा संघ खाली आला. १९८९ मध्ये युरोपचा चषक ऑस्ट्रियाच्या हायपो संघाने जिंकला, आणि त्यानंतर तो कीव्हला परत आला नाही. ज्या संघाने सहा वेळा दुसऱ्याच वर्षी चषक परत आणला होता, त्यास या वेळी तो परत आणता आला नाही. असे का झाले?

याची दोन कारणे मला दिसतात. पहिले असे की, या संघाचा खर्च राज्यव्यवस्थेच्या आधाराने चालत असे. खेळाडू कागदोपत्री हौशी असत, प्रत्यक्षात त्यांचा सारा दिवस खेळासाठी राखलेला असे, आणि त्यांचा भार ती व्यवस्था वाही. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला, युक्रेन स्वतंत्र झाला, आणि तो जुना आधार गेला. त्या काळात जुन्या सोव्हिएत देशांतील अनेक उत्तम खेळाडू उपजीविकेसाठी पश्चिम युरोपच्या क्लबांत गेल्या. त्यांस दोष देता येत नाही. भाकरीचा प्रश्न कोणासही चुकलेला नाही.

दुसरे कारण असे की, तीन दशके साऱ्या संघाचे सूत्र एकाच पुरुषाच्या हाती होते. तुर्चिन यांची योग्यता मोठी होती, याविषयी दुमत नाही. परंतु कितीही मोठा मनुष्य झाला तरी तो मर्त्यच. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये संघ घेऊन ते बुखारेस्ट येथे गेले असता तेथेच त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर झिनायदा तुर्चिना यांनी क्लबची धुरा आपल्या खांद्यावर घेतली. ज्या स्त्रीने पंचवीस वर्षे मैदानावर संघाचा खेळ चालविला, तिच्याकडे संघाची सूत्रे आली ती आधार गेल्यावर आणि पैसा आटल्यावर! खेळावयाचे स्त्रियांनी आणि ठरवावयाचे पुरुषांनी, ही रीत त्या पुढारलेल्या म्हणविणाऱ्या देशातही मोडलेली नव्हती.

तरीही पेरलेले सारे वाया गेले नाही. २००४ मध्ये अथेन्स येथील ऑलिम्पिकमध्ये स्वतंत्र युक्रेनच्या स्त्रियांनी हँडबॉलचे कांस्यपदक मिळविले. एका शहरातील शाळकरी मुलींनी जो पाया घातला होता, त्यावर दुसऱ्या पिढीने उभे राहून दाखविले.

आपण काय करावे?

या हकीकतीतून मी आपणांपुढे चार गोष्टी ठेवतो.

पहिली गोष्ट, मुलीस मैदानावरून परत बोलावू नका. घरकामाचा वाटा मुलगा आणि मुलगी यांत सारखा करा, म्हणजे संध्याकाळचा एक तास तिलाही मिळेल. हा एक तास म्हणजे दया नव्हे, तो तिचा वाटा आहे.

दुसरी गोष्ट, मंडळ काढाल तर सात वर्षांचा विचार करून काढा. पहिल्या पराभवाला मोडणारे मंडळ न काढलेले बरे.

तिसरी गोष्ट, मंडळ आपल्या वर्गणीवर उभे करा. सरकारी मदत हा आपला हक्क आहे आणि तो मागितलाच पाहिजे. परंतु मदत थांबली म्हणून चेंडू थांबेल, अशी व्यवस्था करू नका. महिन्याची लहानशी वर्गणी आणि तिचा चोख हिशेब यांनी जे बळ येते, ते मोठ्या देणगीने येत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मुलींच्या मंडळाचा कारभार मुलींच्या हाती द्या. चिटणीस त्यांच्यातील असावी, खजिनदार त्यांच्यातील असावी, आणि कोणती स्पर्धा खेळावयाची हे त्यांनी सभा भरवून ठरवावे. वडीलधाऱ्यांनी सल्ला द्यावा, परंतु मत मोजताना त्यांचे मत एकच धरावे. दर दोन-तीन वर्षांनी पदे बदलावीत, म्हणजे एकीच्या जाण्याने सारे कोसळणार नाही. ज्या दिवशी आपली चौदा वर्षांची मुलगी मंडळाच्या सभेत उभी राहून जमाखर्च वाचील, त्या दिवशी तिला मिळालेली वस्तू कोणत्याही चषकाहून मोठी असेल.

भगिनींनो, स्पार्टाकस आखाड्यातून निसटला तो दुसऱ्याच्या करमणुकीसाठी खेळावयाचे नाही म्हणून. त्याचे नाव घेतलेल्या मुलींनी जगास दाखविले की स्त्रीच्या दंडात किती बळ आहे. परंतु आपला खेळ, आपला वेळ आणि आपला निर्णय हे तिन्ही आपल्या हाती असावेत, एवढे त्यांचे काम अपुरे राहिले. ते पुरे करण्यास कीव्हला जाण्याची गरज नाही. आपल्या वस्तीतील सपाट जागा पाहा, चुन्याने रेषा आखा, आणि आपल्या मुलींना हाक मारा. ही हाक घरात येण्याची नसावी, मैदानावर जाण्याची असावी.